नाम युन हिचा प्रस्ताव

७ ऑक्टोबर, सोमवार

'ताठ कणा', माझं लेखकांसाठीचं साप्ताहिक ईमेल-पत्र, सकाळी सातला गेलं. सहा वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही. ताप होता तेव्हा नाही, बाबा गेले त्या आठवड्यातही नाही.

आजचा विषय होता, संपादकाकडे लेखाचा प्रस्ताव कसा पाठवावा. मी लिहिलं, "तुम्ही याचक नाही. ज्याच्याकडे कोरी पानं आहेत आणि छापखाना डोक्यावर बसला आहे, अशा माणसाला तुम्ही भरलेलं पान देऊ करता आहात. पायरीवर ताटकळू नका, दार ढकलून आत या." लेखक संघाच्या मोर्च्यांत मी कर्ण्यावर बोलायचे तशीच लिहिते. साडेतीन हजार मुक्त लेखक वर्गणी भरून हे ईमेल घेतात, ते मवाळ सल्ला ऐकण्यासाठी नव्हे.

साडेआठला आकडे पाहिले. पत्र उघडणाऱ्यांचं प्रमाण किंचित उतरलेलं. नऊला पुन्हा पाहिले. मग ग्युरीने लॅपटॉप ओढून घेतला. मांगवन भागातल्या या दोन टेबलांच्या खोलीत ओक ग्युरी माझ्यासोबत काम करते. पत्राची मांडणी, चित्रं, वर्गणीदारांच्या तक्रारी, सगळं तिच्याकडे.

"ताई, चुलीवर दूध ठेवलंय का? किती वेळा बघायचं?"

"उतू गेलं तर हवंच आहे. नासत नाही ना, ते बघते."

दुपारी आलेल्या उत्तरांत कांगनुंगच्या सॉक म्यंगजूंचं एक होतं. हे गृहस्थ जहाजावर रेडिओ सांभाळायचे, निवृत्तीनंतर लिहू लागले. लिहितात फार अदबीने. "आदरणीय प्यो जंगिम बाई, दार ढकलून आत कसं यावं हे आपण छान सांगितलंत. एक शंका आहे. आपण स्वतः त्या दारातून शेवटचं कधी आत गेला होतात? उत्तर नाही दिलंत तरी राग नाही."

राग नाही म्हणे. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सॉक म्यंगजूंना लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसलं. पोहायला शिकवणारा प्रत्येक वेळी समुद्रात उडी मारत नाही, असं काहीतरी लिहिलं होतं. वाचायला बरं होतं. खरं नव्हतं.

कुणा संपादकाने माझा लेख स्वीकारला त्याला सहा वर्षं झाली. नदीकाठच्या सायकल दुरुस्तीवाल्यावरचा लेख. त्याच सुमारास पत्र सुरू केलं. त्यानंतर मी एकही प्रस्ताव पाठवलेला नाही. वेळ नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आले. आकडे पुन्हा पुन्हा उघडून बघायला मात्र वेळ असतो.

उद्या हे दहाजणांनी विचारलं तर? मी लेखिका नाही, लेखकांची पर्यवेक्षक आहे, असं कुणी म्हणालं तर कुठल्या तोंडाने सोमवारी सातला उभी राहणार?

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कालगुकसूच्या, म्हणजे हाताने कापलेल्या शेवयांच्या, दुकानात ग्युरीला सगळं सांगितलं.

"मग पाठव की एक प्रस्ताव," ती शेवया फुंकत म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"माझ्या नावाने गेला तर घेतीलच. घाबरून घेतील."

"घाबरून?"

"पुढच्या सोमवारी त्यांचं नाव पत्रात यायला नको म्हणून."

"संपादक तुला घाबरतात हे तुला आवडतं, एकदा कबूल कर ना ताई. आणि तो मुळा इकडे सरकव."

ठरलं असं: टोपणनाव, नाम युन. नवा ईमेल पत्ता. मी सहा वर्षं जी पद्धत शिकवली तीच, शब्दशः. आणि प्रस्ताव जाईल तो 'मादांग' मासिकाच्या थाक हानगिलकडे. आम्ही एका वर्तमानपत्रात होतो, तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी वरिष्ठ. पुढे संघाच्या व्यासपीठावरून मी त्याच्या मासिकाची अशी सालटी काढली की तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. 'ताठ कणा'ची वर्गणी मात्र भरतो. विरोधकाचं भाषण पुढच्या रांगेत बसून ऐकावं, असं म्हणाल्याचं कानावर आलं होतं. नवख्यांचं लेखन तो बारकाईने वाचतो आणि कुणाची भीड ठेवत नाही. त्याच्याकडे टिकलं तर ते खरं.

"आणि नाही टिकलं तर?" ग्युरीने विचारलं.

मी तिला मुळा दिला.

१३ ऑक्टोबर, रविवार

इंचॉनला आईकडे. ती कामाला होती ते सार्वजनिक न्हाणीघर बंद होऊन दोन वर्षं झाली. तीसेक वर्षं तिने तिथे बायकांच्या पाठी घासल्या. आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. सकाळी पाचला उठायची सवय गेलेली नाही. उठते आणि बसून राहते.

तिचा फोन तिचा अंगठा ओळखत नाही. ठसाच उरलेला नाही, पाण्याने आणि त्या खरखरीत हातमोज्याने पुसून नेलाय. दर वेळी फोन माझ्यापुढे धरते. आज मी वैतागून अंगठ्याची भानगडच काढून टाकली आणि चार आकडे लावून दिले.

"तू लिहितेस ते मला कधी वाचून दाखवत नाहीस," ती म्हणाली.

"ते लेखकांसाठी असतं, आई."

"मग काय, मी आता लेखक होऊ?"

दुपारभर त्या न्हाणीघरातल्या बायकांच्या गोष्टी सांगत होती. मी अर्धवट ऐकत होते, डोक्यात प्रस्ताव होता. परत येताना बसमध्ये विषय सुचला: बंद पडणारी न्हाणीघरं आणि अंग घासणाऱ्या बायका. विषय कुठलाही चालला असता. इथे परीक्षा पद्धतीची आहे, विषयाची नाही. आकडेवारी भरपूर मिळते, ते एक बरं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सातला 'ताठ कणा' गेलं. दहाला नाम युनचा प्रस्ताव गेला.

माझ्या सगळ्या नियमांत बसतो. पहिल्या ओळीत बंद पडलेल्या न्हाणीघरांची संख्या. दुसरीत हा विषय आत्ताच का. तिसरीत एक उदाहरण: एका बाईने ओल्या लाद्यांवर उभं राहून इतक्या पाठी घासल्या की आता तिचा फोन तिचा अंगठा ओळखत नाही. मग लगेच पुन्हा आकडे, शहरनिहाय. शेवटी लेखाची लांबी, मुदत आणि मानधनाची स्पष्ट विचारणा. ग्युरीला दाखवला.

"व्यवस्थित आहे," ती म्हणाली.

"व्यवस्थित म्हणजे?"

"म्हणजे व्यवस्थित."

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

शांतता.

साडेतीन हजार लोकांना मी सांगत आले आहे की संपादकाचं मौन म्हणजे तुमचा निकाल नव्हे. माणसं कामात असतात, आठवडा जाऊ द्या, मग दोन ओळींची आठवण पाठवा. किती हलक्या हाताने लिहिलं होतं ते. सकाळी उठल्याबरोबर नाम युनची पेटी उघडते. जेवताना उघडते. आज जिन्यात उभी राहून उघडली, खालच्या मजल्यावरचा शिंपी माझ्या अंगावरून वर गेला आणि मी बाजूलाही झाले नाही.

त्याने वाचलं आणि टाकलं, की वाचलंच नाही? यातलं काय जास्त वाईट, ते ठरत नाही. साध्या ईमेलमध्ये हे कळायला मार्गच नाही. आमच्या पत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कळतं: कुणी उघडलं, किती वेळा, किती वाजता.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मोठा घोळ करून बसले आहे.

आठवण पाठवायचा दिवस. ग्युरी दाताच्या डॉक्टरकडे. मी ठरवलं, आठवण आमच्या सॉफ्टवेअरमधून पाठवायची, म्हणजे थाकने उघडली की मला दिसेल. एकट्या त्याच्या पत्त्याची यादी केली. खाली मूळ प्रस्ताव जोडला, नाम युनच्या सहीसकट. पाठव म्हटलं. पडद्यावर हिरवी खूण आली, तिच्याखाली पोचलेल्या पत्रांचा आकडा. तो एक नव्हता.

मी यादी केली होती, निवडली नव्हती. निवडली नाही की ते सॉफ्टवेअर 'सर्व वर्गणीदार' धरून चालतं. हे मला ठाऊक आहे. ग्युरीला हे मीच शिकवलं आहे.

गेलेलं ईमेल परत येत नाही. मी वायर उपटून इंटरनेट बंद केलं, जणू ती साडेतीन हजार पत्रं अजून भिंतीत कुठेतरी वाटेत आहेत.

ग्युरी अर्धा गाल सुजलेला घेऊन आली. वाचलं. खाली बसली.

"ताई, एक सांगू? एकट्या त्याला गेलं असतं तरी फुटलंच असतं. प्रत्येक पत्राच्या तळाशी आपलं नाव आपोआप छापलं जातं."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

बचावले. निदान तसं दिसतंय.

मधूनमधून मी सरावाचा अंक काढते: कुणाचा तरी प्रस्ताव नाव झाकून देते आणि वर्गणीदारांना दुरुस्त करायला सांगते. लोकांनी कालचं पत्र तेच समजून घेतलं. उत्तरांचा पाऊस पडतोय. एकीने लिहिलंय, "या वेळी नाव झाकायला विसरलात वाटतं." बाकी सगळे प्रस्तावाच्या मागे लागलेत. "आकड्यांचं पोतं." "ही बाई विषयाला हात लावायला घाबरते." "सरकारी अहवाल जास्त रंजक असतात." "अशा लेखिकेला ताठ कण्याचे जुने अंक वाचायला द्या."

शेवटचं वाचून ग्युरी सुजलेला गाल धरून हसली. मग गंभीर झाली.

"हा सराव होता, असं तू सांगणार आहेस?"

"मी काहीच सांगत नाही. लोक आपापलं समजले."

"हे तू कुठल्या संपादकाबद्दल ऐकलं असतंस तर पुढच्या सोमवारी त्याची काय गत केली असतीस?"

मी चहा ठेवायला उठले. पण ती वाक्यं डोक्यातून जात नाहीत. त्यांच्या दुरुस्त्या चांगल्या आहेत. मीच शिकवलंय त्यांना.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सॉक म्यंगजूंची दुरुस्ती आली. तीच अदब.

"सर्व आकडे काढावेत. तिसऱ्या ओळीतली बाई लेखिकेच्या घरातली आहे असं मला वाटतं. फोन अंगठा ओळखत नाही, हे दुरून पाहणाऱ्याला दिसत नाही. तो फोन ज्याच्यापुढे धरला जातो त्यालाच दिसतं. लेखिकेने तिला 'एक बाई' का म्हटलं असावं, ते कळलं नाही. प्रस्तावात तेवढीच एक जिवंत गोष्ट आहे, आणि तीच दाराबाहेर उभी केली आहे."

म्हातारा आगाऊ आहे. ते केवळ उदाहरण होतं. उदाहरण कुठून तरी घ्यावंच लागतं.

आईला फोन केला, उगाच. ती म्हणाली, चार आकडे विसरली, कालपासून फोन उघडत नव्हता, शेजारणीच्या नातवाने उघडून दिला. "अंगठाच बरा होता गं," म्हणाली. "निदान माझा होता."

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

थाक हानगिलचं पत्र. नाम युनला नव्हे, मला. आठ वर्षांत पहिलं.

"प्यो बाई, नाम युन नावाच्या एका नव्या लेखिकेचा प्रस्ताव गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला. तो माझ्या टेबलावर आहे, मी तिला उत्तर लिहिणार होतो. मंगळवारी तोच प्रस्ताव, तिच्या नावासकट, तुम्ही साडेतीन हजार लोकांपुढे फाडून खायला टाकलात. तो तुमच्या हाती कसा लागला ते मला माहीत नाही. माझ्या कचेरीतून फुटला असेल तर माझी मान खाली आहे. पण नवख्या माणसाचं खासगी पत्र चौकात टांगणं, ही ताठ कण्याची नवी व्याख्या का? नवख्यांच्या बाजूने उभं राहायचं हे मी तुमच्या भाषणातून शिकलो. त्या भाषणात तुम्ही मलाच झोडपत होतात. सोमवारपर्यंत त्या मुलीची जाहीर माफी मागा. नाहीतर मी लिहीन."

ग्युरीने दोनदा वाचलं.

"माग ना माफी. नाम युन मोठ्या मनाची आहे, करेल माफ."

मी हसले नाही. हसण्यासारखं काही नाही, कारण सुटका त्यातच आहे. मी नाम युनची माफी मागायची. नाम युन मला माफ करणारं दोन ओळींचं पत्र लिहील. थाक शांत होईल, वर्गणीदार माझा मोठेपणा वाखाणतील. एकही माणूस दुखावणार नाही. नाम युन नाहीच आहे, तर दुखावेल कोण?

२७ ऑक्टोबर, रविवार

माफीचं पत्र लिहिलं. फार सुंदर झालं आहे. सत्ता हाती आली की आपण ज्यांच्यासाठी लढलो त्यांनाच कसे तुडवतो, यावर असं काही लिहून गेले की स्वतःचे डोळे भरून आले. कर्ण्यावर म्हटलं असतं तर चौक उभा राहिला असता.

ग्युरीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती चित्राला रंग देत होती, तिने मान वर केली नाही.

"भारी झालंय."

"पण?"

"पण काय. तुझं गेल्या सहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे. फक्त जिची माफी मागितलीस ती नाहीये, आणि जिने मागितली तीही नाहीये." मग ब्रश पाण्यात बुडवत म्हणाली, "माझी चिंता करू नकोस, असं मी म्हणणार नाही. वर्गणीदार गेले तर माझंही काम जातं. मला भीती वाटतेय. पण हे पत्र मी पाठवणार नाही. तुझं तू पाठव. तुला यादी निवडता येत असेल तर."

ती घरी गेल्यावर पत्र पुन्हा वाचलं. सॉक म्यंगजूंनी हे दुरुस्त केलं असतं तर काय खोडलं असतं, याचा विचार करत बसले. बहुतेक सगळंच. पेन्सिल घेऊन खोडत गेले आणि शेवटी जे उरलं ते कुठल्याच व्यासपीठावरून बोलण्यासारखं नव्हतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सातला गेलं. ग्युरीने पाठवलं. एवढंच होतं:

"मंगळवारचा अंक सराव नव्हता. नाम युन मी आहे. सहा वर्षांत मी एकही प्रस्ताव पाठवला नव्हता आणि तुम्हाला दर आठवड्याला तो कसा पाठवावा ते सांगत होते. माझा प्रस्ताव तुम्हाला चुकून आला. संपादकाने माझं पत्र उघडलं की नाही हे चोरून बघण्याच्या नादात. तुम्ही सराव समजलात तेव्हा मी गप्प बसले. तुमच्या दुरुस्त्या बरोबर आहेत. तिसऱ्या ओळीतली बाई माझी आई आहे. तिचं नाव कू मालसून. यानंतर वर्गणी बंद करावीशी वाटली तर त्याची खूण तळाशी आहे, तिथे माझं नावही आपोआप छापलेलं असतं."

दुपारपर्यंत दहातला एक गेला असेल. एका मुलीने लिहिलंय, "तुमच्यावर विसंबून मी नोकरी सोडली. मला आता मूर्खासारखं वाटतंय." हिला काय उत्तर द्यायचं? मलाही तसंच वाटतंय हे उत्तर होत नाही. मी तिला फोन नंबर मागितला आहे. देईल की नाही माहीत नाही.

थाककडून काही नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

थाकने फोन केला. आवाज जाड झालाय.

"नाम युन बाई आहेत का?"

"थाक सर, टोमणे मारायला फोन केला असेल तर मारून घ्या, मी ऐकतेय."

"टोमणे कसले? मी नवख्या लेखिकेला निकाल कळवतोय. तुमचा प्रस्ताव आम्ही स्वीकारत नाही."

मी विचारलं, "अंकाच्या दिशेशी जुळत नाही का?"

"दिशा-बिशा काही नाही, वाईट आहे म्हणून. पहिल्या ओळीत झोप लागली. पहिल्यांदा आला तेव्हाही हेच लिहिणार होतो, फक्त मऊ शब्दांत, नवखी मुलगी समजून. तुम्हाला मऊ कशाला देऊ?"

"उघडलं कधी होतंत तुम्ही?"

"काय?"

"पहिलं पत्र. कधी उघडलंत?"

"आलं तेव्हाच. जंगिम, तू खरंच आजारी आहेस." आठ वर्षांनी नावाने हाक. "हे बघ, न्हाणीघरावर माझ्याकडे तीन लेख पडून आहेत, तिन्हींत आकडे आहेत. अंगठा नसलेली बाई एकातही नाही. तिच्याशी बोललीस का कधी? बोललीस म्हणजे, बसून?"

"ती माझी आई आहे."

"मी तेच विचारतोय."

'कधीतरी जेवू या' म्हणून या देशात प्रत्येक फोन संपतो आणि कुणी जेवत नाही. तो तेवढंही म्हणाला नाही. लेख झाला तर पाठव, घेईन असं सांगत नाही, म्हणाला आणि ठेवला.

माझा प्रस्ताव नाकारला गेला. सहा वर्षांनी. ग्युरीला सांगितलं तर ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली.

"ताई, तू हसतेयस."

भीती आहेच. पण तिची जागा बदलली आहे. आधी ती आकड्यांत होती, आता ती कोऱ्या पानावर आहे. तिथली भीती मला एकेकाळी ओळखीची होती.

४ नोव्हेंबर, सोमवार

इंचॉन. शनिवारी आले ती इथेच आहे. आईला सांगितलं, तुझ्यावर लिहायचंय, चालेल का? ती म्हणाली, "त्या बायकांच्या अंगावरचं काही लिहायचं नाही. कुणाला कुठे टाके होते, कुणाला नवऱ्याने कुठे मारलं होतं, ते मी मेल्यावरसुद्धा नाही. माझ्याबद्दल काय हवं ते लिही." म्हणजे गेल्या खेपेला मी अर्धवट ऐकलेलं निम्मं बाद. जे उरलं ते जास्त अवघड आहे: पाठ न दिसता पाठ घासणारी दाखवायची.

पहाटे पाचला ती उठली, तिच्याबरोबर मीही उठले. ती भिंतीला टेकून बसली आणि बोलत राहिली, मी लिहीत राहिले. मध्येच तिने माझा हात घेऊन दाखवलं, जोर मनगटातून नाही, पायातून येतो. मग ती भाजी निवडायला गेली. मी लिहीतच होते.

फोन वाजला. ग्युरी.

"ताई, जिवंत आहेस ना?"

"का?"

"नऊ वाजून गेले. पत्र कुठे आहे? लोक विचारताहेत आजारी आहेस का. एकजण विचारतोय अटक झाली का."

मी घड्याळ पाहिलं. सोमवार आहे हेच डोक्यात नव्हतं. सात कधी वाजले, कळलं नाही.

"काहीच लिहिलेलं नाही गं."

"मग काय कळवू लोकांना?"

"कळव की आज पत्र नाही. बाई लिहीत बसली आहे."

"हे खरंय ना? उद्या पुन्हा माफी-बिफी मागायला लागली तर मी नोकरी शोधीन."

"खरंय."

फोन ठेवला. आणखी किती वर्गणीदार जातील कोण जाणे. संध्याकाळी त्याची काळजी करीन, आत्ता वेळ नाही. तिसरा परिच्छेद बसत नाही. आई आतून दोनदा म्हणाली, भात निवतोय. तिला सांगितलं, हा परिच्छेद झाला की वाचून दाखवते, मग जेवू.

"लेखकांसाठी असतं ना ते?" ती आतून म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "ये, बस इथे."